मुलांना फुटबॉलच्या सरावाला घालताना : वाचकांचे प्रश्न

परिसरातील लोकांनी एकत्र येऊन मुलांसाठी चालवलेल्या फुटबॉल उपक्रमात नाव घालण्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. आमच्या जवळ असे दोन उपक्रम चालतात. पहिल्यात मुले मोठ्या मैदानावर अकरा-अकराच्या संघांनी खेळतात, वारंवार स्पर्धा होतात आणि त्यांनी चषकही बरेच मिळवले आहेत. दुसऱ्यात चार-चार, पाच-पाच मुलांचे छोटे सामने होतात आणि गोलांचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. ओळखीचे सगळे पहिल्याचा आग्रह धरतात. आम्ही काय करावे? – एक आई

उत्तर : आपल्या मुलाचे वय पाहता मी निःसंकोचपणे दुसऱ्याची निवड करीन. अकरा-अकराच्या सामन्यात बावीस मुले आणि चेंडू एकच असतो. तासाभराच्या खेळात चेंडूची अगदी समान वाटणी झाली असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत. प्रत्यक्षात तशी वाटणी होतही नाही, कारण दोन-तीन धिप्पाड मुले चेंडू ताब्यात ठेवतात आणि उरलेली त्यांच्या मागे धावत राहतात. चार-चारच्या खेळात तेच गणित साडेसात मिनिटांवर जाते, आणि चेंडू कसा थांबवायचा, कोणाकडे द्यायचा, कधी स्वतःच पुढे न्यायचा हे निर्णय मुलाला पुन्हापुन्हा घ्यावे लागतात. खेळ शिकणे म्हणजे मुख्यतः हे निर्णय घ्यायला शिकणे होय. याच कारणाने अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चार-चार, नऊ-दहा वर्षांसाठी सात-सात आणि अकरा-बारा वर्षांसाठी नऊ-नऊ खेळाडूंचे सामने ठरवून दिले आहेत. नॉर्वेमध्ये तर मुले अकरा वर्षांची होईपर्यंत गुणतक्ते लावलेच जात नाहीत, आणि तरीही त्या देशातून उत्तम खेळाडू घडतात.

तथापि केवळ माझ्या सांगण्यावरून नाव घालू नये. पैसे भरण्यापूर्वी दोन्हीकडचा एकेक सराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावा, आणि त्या वेळी सर्वांत चांगल्या खेळणाऱ्या मुलाकडे न पाहता सर्वांत कच्च्या मुलाकडे पाहावे. तो किती वेळ रांगेत उभा राहतो, चुकल्यावर प्रशिक्षक त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलतात, जाताना त्याचा चेहरा कसा असतो, हे पाहिले म्हणजे त्या उपक्रमाविषयी पुष्कळ काही कळते. एका चेंडूमागे दहा मुलांची रांग लागत असेल, तर कपाटातले चषक कितीही असोत, तेथे आपला मुलगा बहुतेक वेळ उभाच राहील.

आणखी एक गोष्ट विचारायला बहुतेक पालक संकोचतात, परंतु तो संकोच बाजूला ठेवायलाच हवा. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांची निवड करताना त्यांची पूर्वमाहिती तपासली जाते का, सरावाच्या वेळी किमान दोन जबाबदार प्रौढ हजर असतात का, मुलांशी होणारा संपर्क पालकांच्या माहितीतच होतो का, आणि काही खटकले तर तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. तिच्याकडे उत्तरे आधीच तयार असतात. उत्तर देण्याऐवजी ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे कोणी विचारले, तर मी तेथून परत फिरेन.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा असून वर्गातल्या मुलांपेक्षा अंगाने लहान आहे. वर्षभर तो नियमाने सरावाला जातो. पण सामन्याच्या दिवशी बहुतेक वेळ राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसतो. प्रशिक्षक म्हणतात, ‘थोडी ताकद येऊ द्या.’ त्याला तेथून काढून घ्यावे का? – एक वडील

उत्तर : पत्र वाचून वाईट वाटले, कारण ही गोष्ट मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिली आहे. वयोगटाची गणना ज्या तारखेपासून होते, त्या तारखेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मलेली मुले निवडक संघांमध्ये प्रमाणाबाहेर जास्त आढळतात, हे अनेक देशांत आणि अनेक खेळांत दिसून आले आहे. एकाच गटातल्या दोन मुलांमध्ये जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि अकराव्या वर्षी एवढ्या अंतराने उंचीत, वेगात व ताकदीत मोठा फरक पडतो. त्यातच वयात येण्याचा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो. प्रशिक्षकाला जी गुणवत्ता वाटते ती पुष्कळदा निव्वळ आधी आलेली वाढ असते. बेल्जियमच्या महासंघाने हे ओळखून उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघ उभे केले. फ्रेंच फुटबॉलपटू आंत्वान ग्रीझमनला लहान चणीमुळे फ्रान्समधील क्लबांनी नाकारले, म्हणून तो स्पेनमध्ये शिकला आणि २०१८ मध्ये फ्रान्सच्याच संघातून विश्वचषक जिंकला. आपला मुलगा त्याच्यासारखा होईल असे सुचवण्यासाठी हे उदाहरण दिलेले नाही. अनुभवी माणसांचाही अंदाज शरीर पाहून चुकतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

यात मला खरी चूक दिसते ती उपक्रमाच्या धोरणात. परिसरातील मुलांसाठी चालवलेल्या उपक्रमात जो मुलगा सरावाला येतो त्याला सामन्यातही खेळायला मिळाले पाहिजे, निदान निम्मा वेळ तरी. न खेळता ताकद कोठून येणार? प्रशिक्षकांना सामन्यानंतर घाईघाईत गाठू नये. सरावाच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी वेळ मागून घ्यावी आणि प्रत्येक मुलाला किती वेळ खेळवायचे याचा त्यांच्याकडे काही नियम आहे का, हे विचारावे. स्वतःच्या मुलाची तक्रार म्हणून न मांडता सर्व मुलांसाठीचा नियम म्हणून हा विषय काढला, तर प्रशिक्षकही तो अधिक मोकळेपणाने ऐकतात. दोन-तीन आठवडे वाट पाहूनही काही बदलले नाही, तर दुसरा संघ शोधावा. मात्र त्याआधी मुलाला विचारावे, कारण मित्रांसाठी बाकावर बसणेही कधीकधी मुलांना चालते आणि तो निर्णय त्याचाही आहे.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे. मला मुलींच्या संघात जायचे आहे, पण तिथल्या बाकीच्या मुली सात-आठ वर्षांच्या असल्यापासून खेळतात. मला उशीर झाला आहे का? शिवाय, मुलींच्या गुडघ्याला लवकर दुखापत होते असे ऐकून आई काळजीत आहे.

उत्तर : उशीर मुळीच झालेला नाही. पहिले दोन-तीन महिने मात्र जड जातील, हे मनाशी धरून जा. तुझ्याकडे आलेला चेंडू पायावरून निसटेल, बाकीच्या मुली तो सहज थांबवतील, आणि सगळ्यांचे लक्ष आपल्याकडेच आहे असे तुला वाटेल. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक भिंत आणि एक चेंडू. रोज पंधरा-वीस मिनिटे भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत आलेला चेंडू दोन्ही पायांनी थांबवायचा. सरावात ज्याची संधी कमी मिळते, ते या भिंतीपाशी शेकडो वेळा करता येते. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना ‘मी आधी कधी खेळलेली नाही’ असे सरळ सांग. लपवलेस तर तुला जमणार नाहीत अशी कामे ते देतील.

आईची काळजी निराधार नाही. गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची दुखापत किशोरवयीन मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते, विशेषतः उडी मारून खाली येताना किंवा धावता धावता दिशा बदलताना. पण हा धोका कमी करता येतो. ‘फिफा ११+’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात धावणे, पोटाचे व मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, तोल सांभाळणे आणि गुडघा आत न वळवता उतरणे यांचा समावेश असतो. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १९०० मुलींवर त्याचा प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांमध्ये एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होत्या. तेव्हा संघ निवडताना आईला बरोबर घेऊन जा आणि सरावाची पहिली वीस मिनिटे तिला पाहू दे. मुली येताच गोलवर फटके मारू लागत असतील, तर असा वॉर्म-अप घेणार का, हे तिने विचारावे. आणि डोक्याला मार लागून गरगरले, मळमळले किंवा क्षणभर काही सुचेनासे झाले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नाही, मग सामना कितीही अटीतटीचा असो. डॉक्टरांनी तपासल्यावरच परत खेळायचे.

प्रश्न : सुरुवातीला कोणते साहित्य घ्यावे? दुकानदार बरेच काही सुचवतात. – नवे पालक

उत्तर : फार काही लागत नाही. शिनगार्ड, म्हणजे नडगीला मार लागू नये म्हणून बांधायचे कवच, मात्र पहिल्याच दिवशी हवेत, कारण ते खेळाच्या नियमांनुसार सक्तीचे आहेत आणि मोज्यांनी पूर्ण झाकलेले असावे लागतात. कानातले, अंगठी, साखळी, मनगटातला पट्टा हे सर्व काढून ठेवावे लागते. नुसती चिकटपट्टी लावून चालत नाही. चेंडू घरी घ्यायचा असेल, तर साधारणपणे आठ वर्षांपर्यंत तीन क्रमांकाचा, त्यानंतर बारापर्यंत चार क्रमांकाचा आणि पुढे पाच क्रमांकाचा घ्यावा, पण संघ कोणता वापरतो ते आधी विचारावे. ‘मोठा चेंडू घेतला की पुढेही चालेल’ हा विचार नको, कारण पाच क्रमांकाच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते आणि लहान मूल तो मारताना पायाची ढब बिघडवून घेते. बुटांच्या बाबतीतही तसेच आहे. वाढत्या अंगाचे म्हणून दोन मापांनी मोठे घेतलेले बूट पायात सरकतात, फोड आणतात आणि चेंडूवरचा ताबा घालवतात. मैदान गवताचे आहे, कृत्रिम गवताचे की कडक जमिनीचे, हे विचारून मगच त्याला योग्य स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट घ्यावेत, आणि घेताना मूल खेळताना घालणार तेच जाड मोजे त्याच्या पायात असावेत.