हुकूम वेगळा, व्यवहार वेगळा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धात डचांच्या इंडोनेशियावर आलेल्या जपानी अंमलातल्या भाषेविषयीच्या तुझ्या प्रकरणाचा आराखडा वाचला. ‘जपान्यांनी डचवर बंदी घातली आणि इंडोनेशियन भाषा वर आली’ हे तुझं पहिलं वाक्य आधी मोडून टाक. लष्कराला काय हवं होतं, प्रत्यक्षात काय करावं लागलं आणि लोकांना काय वाटत होतं, या तिन्ही गोष्टींची त्यात सरमिसळ झाली आहे.

लष्कराला डचच्या जागी जपानी बसवायची होती, शाळांतून ती शिकवायलाही लावली. पण मार्च १९४२मध्ये जावा हाती आलं तेव्हा जपानी भाषा येणारी माणसं तिथे होती कुठे? फर्मानं, वर्तमानपत्रं, रेडिओ, सगळ्याला मलाय भाषेवर उभी असलेली इंडोनेशियनच लागली. शिवाय तिथल्या राष्ट्रवादी तरुणांनी १९२८च्या शपथेत तिला ऐक्याची भाषा आधीच म्हटलं होतं. तेव्हा जपान्यांना श्रेय देताना हात आखडता घे. ऑक्टोबर १९४२मध्ये नेमलेली भाषा समिती जपानी अंमलातली असली तरी परिभाषा घडवायला बसले होते लेखक तकदिर अलिशाहबानांसारखे तिथलेच लोक.

प्रदेशांची गल्लत करू नकोस. जावा आणि मदुरा १६व्या सेनेकडे, सुमात्रा २५व्या सेनेकडे, बोर्निओचा मोठा भाग आणि पूर्वेकडची बेटं नौदलाकडे होती. जाकार्त्यातलं फर्मान नौदलाकडच्या मकासरला लागू होतं असं गृहीत धरलंस की पुढचं सगळं चुकतं.

तारखा हा दुसरा सापळा. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या टंकलिखित प्रतीवर ‘हारी १७ बुलान ८ ताहुन ०५’, म्हणजे दिवस १७, महिना ८, साल ०५, असं आहे. हे ०५ म्हणजे १९०५ नव्हे. जपानी साल २६०५. त्यातून ६६० वजा कर, १९४५ येतं. त्याच ओळीत ‘बुलान’मधला उकार डच वळणाने ओ आणि ई अशा दोन रोमन अक्षरांनी लिहिलाय. तो १९४७मध्ये बदलला, म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्येक शब्द दोन्ही लेखनांनी शोध.

लोकांच्या मनाचा अंदाज मात्र त्या काळच्या वर्तमानपत्रांवरून बांधू नकोस, सगळी सेन्सॉरखालची. त्यापेक्षा शब्दांच्या अर्थाकडे बघ. ‘रोमुशा’ म्हणजे जपानीत साधा मजूर. इंडोनेशियनमध्ये तोच शब्द वेठीला धरून नेलेल्या, पुष्कळदा न परतलेल्या माणसाचा झाला. प्रकरणाची सुरुवात त्या शब्दापासून कर आणि पहिली दहा पानं लिहून झाली की पाठव.