आईच्या स्मरणसभेत काय बोलावे?

प्रश्न : माझी आई आयुष्यभर मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीची निष्ठावान सभासद होती. स्मरणसभेत मुलानातवंडांसमोर तिच्याविषयी बोलताना ‘ती फार धार्मिक होती’ यापुढे कसे जावे?

उत्तर : ‘धार्मिक’ हे विशेषण बाजूला ठेवून तिच्या सवयी सांगाव्यात, कारण श्रद्धा नियमित आचरणातून दिसावी असा या पंथाचा आरंभापासूनचा आग्रह आहे. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या काळात सभासद लहान गटांत दर आठवड्याला भेटून एकमेकांच्या आत्मिक जीवनाची विचारपूस करीत. आपल्या आईने आजाऱ्यांची अशी विचारपूस केली असेल, तर तो एकच प्रसंग तपशिलाने सांगावा. वेस्लींच्या आई सुझाना (१६६९–१७४२) प्रत्येक मुलासाठी आठवड्यातील ठरावीक वेळ राखून ठेवत, आणि मला तर पंथाची खरी पाळेमुळे तिथेच दिसतात. म्हणून आजीने आपल्याला एकट्याला दिलेला वेळ कसा होता, हे प्रत्येक नातवंडाला आधी विचारावे. तिचे आवडते गीत वाचून न दाखवता सर्वांनी मिळून गावे; जॉन यांचे बंधू चार्ल्स वेस्ली यांनी सहा हजारांहून अधिक गीते रचलेल्या या परंपरेत तेच शोभते. तिचा करारीपणा किंवा हट्ट मात्र लपवू नये, नातवंडांना तो ठाऊक असतोच.