पाळी जाऊन आठ वर्षं झाली, आईला पुन्हा अंगावर जातंय. डॉक्टर दुर्बिणीने पिशवी काढा म्हणतात. या वयात झेपेल का?

झेपायचं झेपेल हो. बीपी, शुगर ताब्यात असली की साठीनंतरही ही ऑपरेशनं नीट होतात. पण पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून, कॅन्सर नाही ना हे तपासल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या सासूबाई नौपाड्यात राहतात. त्यांनी कित्येक दिवस कोणाला पत्ता लागू दिला नाही, पहाटे उठून परकर स्वतःच धुवायच्या. मोरीतल्या बादलीत तांबूस पाणी दिसलं तेव्हा विचारलं, तर म्हणे उष्णता झालीय. सोनोग्राफीत अस्तर ११ मिमी. पाळी गेल्यावर अंगावर जात असेल आणि अस्तर ४ च्या वर असेल, तर तुकडा घ्यायलाच हवा. पहिल्या डॉक्टरांनी थेट पिशवी काढायची तारीख दिली आणि थोरले दीर लगेच तयार! "आता काय कामाची आहे ती? एकदाच काय ते उरका." घरात मोठं रामायण झालं, पण मी हटले नाही. घोडबंदरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिस्टेरोस्कोपी केली. पोटावर एकही टाका नाही, बारीक दुर्बीण खालूनच आत घालतात आणि सलाईनने पिशवी फुगवून बघतात. नंतर फोटो दाखवला: एका बाजूला लोंबणारा गुळगुळीत, गुलाबी पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसल कोंब. तो तिथल्या तिथे काढला, अस्तराचा तुकडाही लॅबला पाठवला. संध्याकाळी सासूबाई घरी येऊन चहा मागत होत्या. रिपोर्ट साधा आला. दिरांनी अजून एका शब्दाने मान्य केलेलं नाही.

पाळी गेली म्हणून पिशवी अडगळ होत नाही. शेजारीच मूत्राशय आणि मूत्रनलिका असतात. तिथे इजा झाली तर निस्तरायचं बाईलाच असतं, "उरका" म्हणणाऱ्यांना नाही. शिवाय कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच वेगळं होतं, ट्यूब आणि अंडाशयंही काढतात, ते कॅन्सरच्या सर्जननेच करावं. हे आधी कळायला नको?

रिपोर्ट खराब आला तर मात्र वेळ घालवू नका, काढा. दुर्बिणीनेही होतं, फक्त पिशवी अख्खी बाहेर काढणार ना, एवढं विचारा. पोटात मशीनने तुकडे केले तर लपलेला कॅन्सर पसरू शकतो. पाळी गेलेल्या बायकांच्या पिशवीतल्या गाठींसाठी ते मशीन वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्येच बजावलंय. आणि रिपोर्ट साधा आला तरी पुन्हा अंगावर गेलं, तर पुन्हा तपासणी करायचीच.