नाशिकमध्ये बंगला बांधतोय. राजस्थानी वाळवंटातल्या घरांसारखी रचना केली तर एसीशिवाय घर थंड राहील का? खर्च किती वाढेल?

राहील. पण तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की दर्शनी भिंतीला जैसलमेरचा पिवळा दगड आणि झरोका ठरलाय, आणि बेडरूम पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला आहे. मग नाही राहणार. फोटो मात्र छान येतील.

मी आर्किटेक्ट नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण या एका विषयावर आमच्या घरात बारा वर्षं वाद चालू आहे, त्यामुळे अभ्यास बरा झालाय.

२०१२ च्या मे महिन्यात आम्ही जैसलमेरला गेलो. मे महिन्यात तिथे कोण जातं? शिक्षक जातात, सुट्टी तेव्हाच असते. पटव्यांच्या हवेल्या पाहिल्या, जाळ्या पाहिल्या, गाइड कोरीवकामावर भरभरून बोलत होता. मला आठवतं ते वेगळंच. किल्ल्यातल्या एका जुन्या घराचं छत दुरुस्तीला काढलं होतं आणि त्याची कड उघडी पडली होती. खाली जवळजवळ टाकलेल्या लाकडी तुळया, त्यावर बोरूसारख्या काड्यांचा थर आणि त्यावर वीतभर माती. मी मोठ्याने म्हणाले, "अहो, हे तर आमचं धाबं!"

माझं माहेर मालेगाव तालुक्यातलं. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. वर माती, दर वर्षी पावसाआधी खारी माती टाकून धाबं चोपायचं, वडील आणि दोन्ही काका वर चढायचे आणि आम्हा पोरांना खालून टोपल्या द्यायचं काम. दुपारी बाहेर पारा बेचाळीसच्या वर आणि आत आजी गोधडीवर गाढ झोपलेली. सासरी मात्र याच घराला "मातीचं घर" म्हणायचे, म्हणायची पद्धतही तशीच.

पुढच्याच वर्षी आमचा बंगला सुरू झाला. थोरले दीर सिव्हिलवाले, नकाशा त्यांचाच. मी तीन गोष्टी मागितल्या: मधे आठ बाय आठचा चौक, पश्चिमेला जाड भिंत आणि गच्चीवर पांढरी फरशी. भाऊजी माझ्याशी बोललेच नाहीत. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "हिला काय मालेगावचं धाबं आणायचंय का बंगल्यावर?" सगळे हसले. चौकाच्या जागेत टॉयलेट बसलं. पश्चिमेला जिन्यासाठी दोन मजली काच आली, एलिव्हेशनला, म्हणजे दर्शनी बाजूला, उठाव यावा म्हणून. त्या काचेशेजारची वरची खोली आमची.

पहिल्याच एप्रिलमध्ये शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणला. रात्री नऊला गच्चीवर २८ अंश, आमच्या खोलीत ३५. पलंगामागच्या भिंतीला हात लावला तर नुकताच तवा उतरवलेल्या ओट्यासारखी.

वाळवंटातली घरं दगडामुळे थंड नसतात. दिवसा तापणं आणि रात्री निवणं यात मोठा फरक असतो, त्याचा ती फायदा घेतात. जाड भिंत दिवसाची उष्णता धरून ठेवते, ती आत पोचेपर्यंत रात्र होते आणि गार हवा ती काढून नेते. गल्ल्या अरुंद म्हणजे समोरचं घर तुमच्या भिंतीवर सावली धरतं. झरोके बाहेर आलेले म्हणजे खालच्या भिंतीला सावली. नाशिकला एप्रिलमध्ये दिवस ४० च्या आसपास आणि रात्र बरीच गार, म्हणजे हा हिशोब इथेही जमतो. तुमचं इंचभर जाडीचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर चिकटवलेला दगड, काय धरून ठेवणार? आणि एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला सिमेंटचा हलका ब्लॉक) सगळे सुचवतील, तो उष्णता अडवतो, साठवत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत.

२०१७ मध्ये भाऊजी महिनाभर लेकीकडे गेले होते, तेवढ्यात मी काचेला बाहेरून बांबूचे चिक, म्हणजे गुंडाळता येणारे पडदे, लावले. बाहेरूनच, हे लक्षात ठेवा. ऊन काचेतून आत आलं की मग पडदा ओढून काय उपयोग, ते घरात शिरलेलंच असतं. गच्चीवर चायना मोझॅक केलं, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं. जिन्याच्या टोकाला झडप बसवली, रात्री ती आणि खालच्या खिडक्या उघडायच्या, सकाळी आठच्या आत सगळं बंद. पुढच्या एप्रिलमध्ये रात्री नऊला खोलीत ३१. भाऊजी म्हणाले, "यंदा ऊनच कमी आहे." थर्मामीटर त्यांच्या हातात दिला, तर म्हणे शाळेचे थर्मामीटर चुकतात.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. नाशिक वाळवंट नाही. चार महिने पाऊस आहे, तेव्हा उघडा चौक करायचा तर उतार आणि पाण्याची वाट आधी काढा, आणि भिंतींना छज्जे हवेतच. कूलर मे महिन्यापर्यंत मस्त चालतो, पावसाळी दमट हवेत नुसता ओलावा वाढवतो. इराणच्या यझ्द शहरातले वारा पकडून घरात आणणारे मनोरे इथे कोणी सुचवले तर नको म्हणा. तिथल्या दौलताबाद बागेतला मनोरा ३३ मीटर उंच आहे, आपल्याकडे त्यातून जुलैत पाऊस थेट हॉलमध्ये येईल. आणि सावलीतलं जाड भिंतींचं घर डिसेंबरात फार गार पडतं, निफाडची थंडी इथून लांब नाही.

खर्चाचं विचारलंत, तो तुमच्या ठेकेदाराला विचारा. माझे चिक आणि मोझॅक मिळून भाऊजींच्या काचेच्या निम्म्यातसुद्धा झाले नाहीत.

एप्रिलमध्ये दुपारी चारला प्लॉटवर जाऊन उभे राहा. जिथे उभं राहवत नाही त्या बाजूला जिना, संडास, कपाटं टाका. आणि ती वरची खोली ज्यांची होणार आहे, त्यांना सही करायच्या आधी नकाशा दाखवा. आमच्या घरी भाऊजी हल्ली उन्हाळ्यात दुपारचे आमच्याच खोलीत झोपतात. चिक खाली सोडा म्हणून तेच सांगतात.