आग नंतर पेटवा, आधी दोरी वळा

तुम्ही विचारलंय, ‘पुण्यात राहतो. जंगलात राहून आदिमानवासारखी आग पेटवणं, दगडी हत्यारं बनवणं शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?’

दोरीपासून करा, तीही घराच्या अंगणात. मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो. दोन उन्हाळे काठीवर काठी घुसळून तळहात सोलून घेतले आणि मग कळलं की बहुतेक कामांच्या मुळाशी दोरीच आहे. पातं दांड्याला बांधायचं, आडोसा उभा करायचा, ओझं उचलायचं, सगळीकडे ती लागते. आगीलासुद्धा लागते. यज्ञात अरणीमंथन होतं, म्हणजे लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढतात, तेव्हा मंथ्याला म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला दोर गुंडाळून रवी घुसळल्यासारखा आलटून पालटून ओढतात. तळहातांनी जे काम जीव काढतं, ते दोराने कितीतरी सोपं होतं.

ही विद्या किती जुनी असावी? फ्रान्समधल्या आब्री द्यु मारास या ठिकाणी एका दगडी पात्याला चिकटलेला दोरीचा बारीकसा तुकडा सापडला, २०२० मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. तीन पेडांची दोरी, वय चाळीस हजार वर्षांहून जास्त, आणि वळणारे निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेली माणसाची एक जात. पेड एका दिशेने पिळलेले आणि एकमेकांवर उलट दिशेने वळलेले. माझ्या आजोळी अंबाडीची दावी अगदी अशीच वळायचे. ते वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ हातातली दोरी बघत बसलो होतो.

शिकायला घायपात घ्या, जाड, लांब, टोकदार पानांचं झुडूप. शेताच्या बांधावर दिसेल, मालकाला विचारून दोन पानं कापा. फळीवर ठेवून लाकडाने ठेचा आणि बोथट धारेने गर खरवडून काढा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालाच, कारण ताज्या रसाने अंगाला भयंकर खाज सुटते, पुरळ येतं. खरवडल्यावर उरलेला वाख, म्हणजे पानातले धागे, धुऊन सावलीत वाळवा. रसाचं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका, माशांना ते घातक असतं.

वाळलेला वाख थोडा ओला करून दुमडा. दुमड बरोबर मधोमध न ठेवता थोडी पुढेमागे ठेवा, म्हणजे दोन्ही पेड एकाच जागी संपणार नाहीत. वरचा पेड स्वतःपासून दूर पिळायचा आणि खालच्यावरून आपल्याकडे आणायचा. मग दुसरा वर येतो, त्यालाही तसंच. दोन उलटे पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून सोडली तरी दोरी उलगडत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हात या कामाला लागले की नीट उमगतं. पेड बारीक होऊ लागला की संपायच्या आधीच नवे धागे त्यात मिसळा.

याच घायपाताचा फुलोऱ्याचा उंच दांडा उभ्या उभ्या वाळतो, तो आगीसाठी उत्तम. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, तिथले आदिवासी त्याच्या दांड्यावर आग काढत आलेत. दांडा चिरून बोटभर जाडीची फळी करा, काठावर काठी फिरवायला खळगा आणि त्याला बाहेरच्या बाजूने पाचरीसारखी खाच द्या. खाच महत्त्वाची, कारण निखारा फळीवर धरत नाही, खाचेत साठलेल्या भुकटीत धरतो. भुकटी तपकिरी असेल तर वेग कमी पडतोय. काळी झाली, घुसळणं थांबवल्यावरही धूर येत राहिला, की निखारा धरलाय. घाई न करता तो सुकं गवत आणि काथ्याच्या घरट्यात ठेवून फुंका. मे महिन्यात हे जमतं. जुलैत तीच काठी, तीच फळी नुसता धूर देते, कारण लाकडाने हवेतली ओल पिऊन ठेवलेली असते. म्हणून सगळं सामान पावसाआधी तोडून, चुलीच्या वर टांगून ठेवायचं.

हे सगळं पत्र्याच्या घमेल्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून करा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने डोंगर जातो. फासे लावून ससे धरण्याचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढा, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

दगडाकडे वर्षभराने वळा. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी हा गारेसारखा दगड मिळतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी त्याचीच पाती काढली होती. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडकं बांधूनच दगड फोडा. जुन्या वस्तीच्या जागेवर तयार पातं दिसलं तर ते उचलू नका, जिथे आहे तिथेच राहू द्या.

आत्ता मात्र हातभर दोरी वळा, फांदीला बांधा आणि तिला हळूहळू वजन लटकवत जा. तुटली की तुटलेली टोकं जपून ठेवा. पहिल्या दहा-बारा दोऱ्या बहुधा जोडावरच तुटतील. तो जोड सुधारला की मग काठी हातात घ्या.