जुना सरकारी अहवाल अभिलेखागारात विषयाने शोधला तर सापडत का नाही?

सापडत नाही, कारण अभिलेखागारातले कागद विषयवार लावलेले नसतात. ज्या खात्याने ते तयार केले त्या खात्याच्या नावाखाली ठेवलेले असतात. १८४१ साली फ्रान्समध्ये हे तत्त्व सरकारी परिपत्रकाने लागू झालं आणि पुढे जगभर रुजलं. तेव्हा ‘दुष्काळ’ किंवा ‘कॉलरा’ हा शब्द शोधत बसू नका. त्या वर्षी ते काम कोणतं खातं बघत होतं, ते आधी शोधा. खात्यांची नावं बदलतात, शाखा एकीकडून दुसरीकडे जातात, म्हणून इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. खातं कळलं की त्याची सूची मागा आणि वर्ष, शाखा, फाइल क्रमांक सूचीत आहे तसाच मागणीपत्रात उतरवा.

नुसता छापील अहवाल हवा असेल तर तो मोठ्या ग्रंथालयात विषयानेही मिळू शकतो. पण मला विचाराल तर फाइल बघाच. खोडलेली वाक्यं, समासातले शेरे, वरिष्ठांनी बदलायला लावलेला परिच्छेद हे सगळं तिथेच असतं. छापील प्रतीत त्याचा मागमूस नसतो.

एवढं मात्र लक्षात ठेवा, की प्रत्येक फाइल खुली नसते. ब्रिटनमध्ये सरकारी कागद साधारण ३० वर्षांनी खुले होत; २०१३ पासून ही मुदत टप्प्याटप्प्याने २० वर्षांवर आणली गेली. संवेदनशील कागद त्यानंतरही बंद राहतात.