इंजिनिअरिंगच्या मुलांना रस वाटेल असं प्रॅक्टिकल कसं आखावं? नवीन किट घ्यावेत की सिम्युलेशन आणावं?

किटचं नंतर बघा, आधी मॅन्युअलमधून उत्तरं काढून टाका. रीडिंग काय येणार हे छापलेलंच असेल, तर महागड्या किटवरही मुलं गेल्या वर्षीचं जर्नलच उतरवणार.

मी इलेक्ट्रॉनिक्सची लॅब घ्यायचो. ७४१ या आयसीवर अॅम्प्लिफायर, गेन १० (म्हणजे आउटपुट इनपुटच्या दहापट), सप्लाय ±१५ व्होल्ट. रीडिंग १ किलोहर्ट्झला घ्यायचं. एका जोडीने १ व्होल्ट पीक इनपुट ठेवून फ्रिक्वेन्सी १५ किलोहर्ट्झवर नेली आणि सीआरओवर, म्हणजे लहरी दाखवणाऱ्या पडद्यावर, साइनऐवजी चक्क त्रिकोण! त्यांनी फंक्शन जनरेटरचं बटण तपासलं, प्रोब बदलला, आयसीही बदलली. त्रिकोण हलेना. मी मुद्दाम गप्प. शेवटी इनपुट निम्मं केलं आणि साइन परत आली. मग त्या मुलीने पुन्हा त्रिकोण आणून पडद्यावरचे चौकोन मोजत तिरक्या रेषेचा चढ काढला: मायक्रोसेकंदाला साधारण अर्धा व्होल्ट. डेटाशीटमध्ये स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त ज्या वेगाने बदलू शकतं तो वेग, ०.५. पूर्ण साइनसाठी आउटपुटला हवा होता ०.९४. व्हायवासाठी पाठ केलेली व्याख्या तिला त्या दिवशी कळली.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "जर्नलमध्ये त्रिकोण कशाला? एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारलं तर?" पान पुन्हा लिहायला लावलं. वर, अशाने दहा प्रॅक्टिकल कधी उरकणार, हा प्रश्न. नका उरकू! चार करा, पण मुलांनी खरंच केलेली.

तर, प्रत्येक प्रयोगात पुस्तकातलं सूत्र कुठेतरी तोंडावर पडेल अशी एक जागा ठेवा आणि ती सांगू नका. सप्लाय चालू करण्याआधी अंदाज पेनाने लिहून घ्या. प्रत्येक टेबलाला कंपोनंटच्या वेगळ्या व्हॅल्यू द्या, कॉपी आपोआप थांबते. व्हायवा टेबलापाशीच घ्या, एक वायर काढून. सिम्युलेशन घरी करू द्या. तिथे लूज कनेक्शन नसतं.

हो, सुरुवातीची एक-दोन प्रॅक्टिकल सरळसोट हवीत. सीआरओवर ट्रिगर लावून लहर स्थिर करता येत नसेल तर शोध कसला घेणार. आणि मशीन्स लॅबमध्ये यातलं काही करू नका. थ्री-फेजवर कनेक्शन तपासल्याशिवाय कुणालाही स्विचला हात लावू द्यायचा नाही. पण ७४१ जळली तर काय बिघडलं? ती कन्झ्युमेबल, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कायमच्या सामानाच्या वहीत) तिची नोंदसुद्धा नसते. तरी साहेबांनी माझ्याकडे जळलेल्या आयसींचा लेखी खुलासा मागितला होता.